उजेडातलं लगीन

पांडू गोठ्यात राहतो आहे, हे वाडीतल्या कुत्र्यांनाही आता सवयीचं झालं होतं. सुरुवातीला ती भुंकली, मग गप्प झाली. माणसं मात्र अजून गप्प व्हायला तयार नव्हती.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो पोलादपूरच्या रस्त्याने चालत आला होता. अंगात खाकी डगला, खांद्यावर पोतडी. सरळ अंगणात येऊन उभा राहिला. त्याची आई येसूबाई हातातलं सूप टाकून किंचाळली. धाकटी सून चंद्राबाई पोराला उचलून माजघरात पळाली. ठकूबाई तेवढी जागची हलली नाही. ती विहिरीवरून येत होती. डोक्यावरची घागर डचमळली आणि पाणी तिच्या मोकळ्या कपाळावरून खाली आलं. आपला नवरा समोर उभा आहे आणि आपल्या कपाळाला कुंकू नाही, एवढंच तिला कळलं.

मेलेल्या माणसाला घरात घेता येत नाही, आणि पांडू मेला हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्याच पलटणीतला, खालच्या वाडीचा हैबती लढाईवरून लंगडत परत आला, तेव्हा त्याने सांगितलं होतं की तुर्कांनी आम्हाला वाळवंटातून हाकलत नेलं, पांडू वाटेत पडला, मी हलवून पाहिला, अंग गार होतं. मग भावकीने सावित्रीच्या काठी पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला नारळाचं डोकं लावलं आणि रीतसर जाळला. धाकट्या रावजीने भावाला पाणी दिलं. ठकूबाईच्या बांगड्या नदीतल्या दगडावर फुटल्या.

पण पांडू पडला होता, मेला नव्हता. त्या मुलखातल्या मेंढपाळांनी त्याला उचलून नेलं, तुर्कांनी पुन्हा धरलं आणि कामाला जुंपलं. लढाई संपली तेव्हा तो कुठल्याशा इस्पितळात तापाने फणफणत होता. पलटणीने त्याला केव्हाच मेलेल्यांत धरलेलं. मेलेल्याला जहाजावर कोण घेणार? बसऱ्याच्या धक्क्यावर ओझी वाहून, शेवटी एका बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचं काम धरून तो मुंबईला पोचला. आधी खोताचा नांगरगडी, मग सरकारचा शिपाई, मग हमाल, आणि आता आपल्याच घराच्या गोठ्यात भूत.

आज भावकी बसली होती ती या भुताचं माणूस करायला.

ओटीवर मधोमध गोमाजी तात्या बसला होता, पांडूच्या बापाचा भाऊ. घरातला सगळ्यात वडील माणूस तोच. त्याच्या बाजूला रावजी. हैबती पायरीवर दुखरा पाय लांब करून बसलेला. पांडू खाली अंगणात, फणसाच्या बुंध्याशी. ठकूबाई आत दाराच्या आड.

"भटजींनी पोथी बघितली," तात्या म्हणाला. "पुतळा जाळला म्हंजे माणूस गेला. परत यायचं त परत जन्मायचं. आदी बारसं, मंग लगीन, मंग घर."

"बारसं?" हैबती म्हणाला. "ह्या मिशीवाल्याचं?"

"हसू नको. तुझ्याच जिभेनं मेला तो."

"व्हय, मीच मारला," हैबती म्हणाला. "तुर्कांना जमलं नाय ते मी केलं."

पांडू फणसाखालून मोठ्याने हसला. ते हसू ठकूबाईने फार वर्षांनी ऐकलं. तिने दाराची चौकट घट्ट धरली.

"लगीन वैनीशीच ना?" रावजीने विचारलं.

"तिच्याशीच. पन लगीन नाय. पाट."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं घर. तो दिवस मावळल्यावर लावायचा, गोठ्याच्या कोपऱ्यात, दिव्याविना. वाजंत्री नाही, हळद नाही. सवाष्णीने तिथे फिरकायचं नाही, नाहीतर तिच्या कुंकवाला धोका. म्हाताऱ्या विधवा काय ते उरकून टाकतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या दोघांनी कुणाला तोंड दाखवायचं नाही. आणि पाटाच्या बाईला पुढे जन्मभर मान नाही. कुणाच्या हळदीला तिचा हात नाही, गौरीपुढे तिचं वाणाचं सूप नाही.

"तिचं कुकू पुसलेलं हाय," तात्या म्हणाला. "तशी बाय बोहल्यावर बसवली आन् वाडीत कुणाचं वाईट झालं, त बोल कुणाला? आन् माझी नात कशेडीच्या घाटापलीकडं दिलीय. म्हयनाभरात लगीन. त्येंच्या कानावर ही गोष्ट गेली त सोयरीक मोडंल." मग तो पांडूकडे वळला. "आनखी एक. तू आता नवा जन्मलेला, म्हंजे कुवारा. कुवाऱ्याला पाट लावायचा त पयलं लगीन रुईच्या झाडाशी. ते दिवसा लावू, हळदबिळद लावून. मंग सांजचा पाट."

"रुई बरी रे पांडबा," हैबती म्हणाला. "बोलत तरी नाय."

आणि ठकूबाई दाराबाहेर आली. भावकीपुढे बाईमाणूस येत नसे, त्यात ती असली बाई. तिचा पदर डोक्यावर होता आणि आवाज मात्र चांगला खणखणीत.

"तात्या, झाडाला उजेडात हळद लावनार, आन् मला अंधारात?"

"ठकू, आत जा."

"मी पाट लावनार नाय. नवरा मेला त बाय रांडावते. जित्या नवऱ्याची बाय कशी रांडावंल?"

"मंग कुकू कशाला पुसलंस?"

"मी नाय पुसलं. तुमी पुसलंत."

रावजीने मान खाली घातली. येसूबाई आतून धावत आली आणि तिने सुनेचा दंड धरला. "गप गो बाय, गप! माझा लेक जिता आलाय. पाट त पाट. घरात येऊ दे त्याला."

ठकूबाईला वाटलं होतं, निदान सासू तरी आपल्या बाजूने उभी राहील. तिने पांडूकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"शनवारी बारसं," तात्या उठत म्हणाला. "दिवस मावळला का पाट. नको असंल त राहा अशीच. तो गोठ्यात, तू चुलीपाशी."

तो पायऱ्या उतरायला लागला आणि ठकूबाई झटकन दाराआड झाली. कुणी कामाला निघालं की तोंडापुढून दूर व्हायचं, ही तिची सवय होती. तात्या तर ती आडवी आली की वहाणा काढून परत घरात जाऊन बसायचा, पाणी पिऊन मग नव्याने निघायचा. आताच त्याच्याशी भांडलेली ती, पण पाय आपोआप मागे आले. त्या पायांचा तिला संताप आला.

*

दुपारी ती बैलांना पेंढा घालायला गेली. गोठ्याच्या मध्ये कारवीचा कूड होता. पलीकडे पांडू खाटेवर बसला होता हे तिला त्याच्या खोकल्यावरून कळलं. तो आल्यापासून ती दोघं बोलली नव्हती. मेलेल्याशी बोलायचं नाही, असं सांगितलेलं.

"तोंड शिवलं का हो तुर्कांनी?" ती बैलाकडे बघत म्हणाली.

कुडापलीकडे खाट करकरली.

"मला वाटलं, तुला चालंल," तो म्हणाला. "आई म्हनली, ठकू ऐकंल. मी म्हनलं, येवढी वर्सं माझ्यापायी हाल काढलेत, आता आनखी भांडन कशाला तिच्या डोक्यावर."

"भांडन माझ्या डोक्यावर हायेच. तुमी आपलं तुमच्यापुरतं बोला."

बैलाने पेंढ्याला तोंड लावलं. पांडूने खाट कुडाजवळ ओढली.

"तुला सांगतो. आमाला डोंगर फोडायला लावला होता. आगगाडीसाठी बोगदा. कशेडीयेवढा डोंगर, आन् आमी त्याच्या पोटात. पहाटे आत जायचं, बाहेर यायचं तवा दिवस गेलेला. म्हयने म्हयने ऊन नाय बघितलं. बाजूचा माणूस मेला का त्याच्या हातातली पहार पडायची, त्या आवाजानं कळायचं. तवा मी काय आठवायचो ठाऊक हाय? आपलं लगीन. तुझ्या तोंडावर ऊन पडलेलं आन् हळद घामानं गळ्यात उतरलेली. तू सारखी पुसत होतीस, आई वरडत होती, पुसू नको."

ठकूबाई पेंढ्याची पेंडी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"मी अंधारातनं आलोय ठके," तो म्हणाला. "परत अंधारात नाय जायचा. पाट लावनार नाय. रुईशी त नायच नाय. तात्याला सांगतो. बारसं करून घेतो. इतकी वर्सं तुर्कांचं ऐकलं, आता घटकाभर पाळन्यात बसायला माझं काय जातंय. पन पाट नाय. तू घरात, मी गोठ्यात, म्हातारं व्हायचं त होऊ."

"म्हाताऱ्या झालेल्याच दिसतायत मिशा."

"बघितल्यास तू?"

"डोळं नाय फुटलं माझं," ती म्हणाली आणि बाहेर आली. परसात येऊन तिने पदराने तोंड पुसलं. हातातली पेंडी बैलाला न घालताच ती बाहेर आली होती.

परसात चंद्राबाई भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही.

"बोललात ना त्येंच्याशी?" ती म्हणाली. "तात्यांना कळलं त?"

"तू सांग जाऊन. तुझ्या मनासारखं होतंयच. पाट लागला का घरची थोरली सवाष्ण तूच. गौरीपुढं तुझंच सूप."

"मी मागितलं न्हवतं सूप."

"नको पन म्हनली नाय."

चंद्राबाईने राखेचा हात जोरात पातेल्यावर फिरवला. ठकूबाईने तिचा दुःस्वास केला नव्हता कधी. पण दर गौरीला ही धाकटी नवं लुगडं नेसून पुढे जायची आणि ती स्वतः चुलीपाशी घावन घालत बसायची, ते आज एकदम वर आलं. मानमोडीच्या साथीत रावजी आणि चंद्राबाई दोघं अंथरुणाला खिळली होती. वाडी रानात पळाली होती. पेजेचं पाणी चमच्याने दोघांच्या तोंडात घालत ठकूबाईच बसली होती. तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. आताही बोलली नाही. भांडी उचलून आत गेली.

चंद्राबाई मात्र बराच वेळ तिथेच बसून राहिली, घासायला काही उरलं नव्हतं तरी.

*

शनिवारी सकाळपासूनच माणसं जमली. म्हसोबाच्या जत्रेला येत नाहीत एवढी आली. मिशीवाल्याचं बारसं कोण चुकवणार?

पांडूने तात्याला सांगून टाकलं होतं, आणि तात्याने उत्तर दिलं होतं, "दिवस मावळू दे, मंग बघू." सकाळचा सगळा हशा त्या एका वाक्यावर तरंगत होता. ठकूबाई पोहे कांडता कांडता सारखी उन्हाकडे बघत होती.

लाकडी पाळण्यात पांडूचा एक गुडघाही मावला नसता. फणसाच्या आडव्या फांदीला दोरखंड बांधून घोंगडीची झोळी केली. पांडू तीत बसला आणि फांदी करकरली. पाय दोन्हीकडून बाहेर. हैबती पुढे झाला. "मीच मारला, मीच झुलवतो," म्हणत त्याने असा काही झोका दिला की पांडूचं मुंडासं उडून बैलापुढे पडलं. बायकांनी पदर तोंडात धरले. भटजी पोलादपूरहून आले होते, ते मंत्र म्हणता म्हणता थांबून हसून घेत होते.

नाव ठेवायला आत्या लागते. साळूबाई महाडजवळच्या गावाहून बैलगाडीने आली होती, तात्याची थोरली बहीण, तोंडात एकही दात नसलेली. तिला हाताला धरून झोळीपाशी नेलं.

"अक्का," तात्या म्हणाला, "भटजींनी दत्ताराम नाव काढलंय. पांडू नाव मेलं, ते नको."

साळूबाईने झोळीत वाकून पांडूच्या कानात कुर्र केलं आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडली, "पांडू!"

"अगो अक्का, दत्ताराम—"

"गप रे गोम्या. ह्याच कानात ह्येच नाव मी सांगितलं होतं. तवा माझ्या लुगड्यावर मुतला होता. आज मुतला नाय, म्हंजे नाव त्याला मानवलंय."

अंगणात हशा उसळला. पांडू झोळीतून उतरला आणि आत्याच्या पायाशी वाकला. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं. "आता तू जन्मलास," ती म्हणाली. "आता बायको आना त्याची."

हशा थांबला. तात्याने सूर्याकडे पाहिलं. सूर्य डोक्यावर होता.

"सांजला," तो म्हणाला.

तेवढ्यात वाडीच्या खालच्या अंगाने हाक आली. "बांगडीय्या!"

महाडचा मुख्तार बांगडीवाला. त्याचं ओझं खांद्यावर, कपाळावरून घाम निथळतोय. तो दर दोन-तीन महिन्यांनी वाडीत येई, या घरी चंद्राबाईला बांगड्या भरून ठकूबाईकडे न बघता निघून जाई. त्याला वाईट वाटायचं हे तिला कळायचं. आज मात्र तो सरळ तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"धाकट्या बायनं निरोप धाडला होता," तो म्हणाला. "हिरवा चुडा आण म्हणून."

ठकूबाईने वळून पाहिलं. चंद्राबाई माजघरातून बाहेर आली होती. गौरीचं लुगडं नेसली होती. हातात हळदीची वाटी.

"चंद्रे!" तात्या ओरडला. "मागं हो. सवाष्ण हायेस. तिला हात लावशील त कुकू जाईल तुझं."

"माझं कुकू?" चंद्राबाईचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "मानमोडीत माझं कुकू अंथरुनावर पडलं होतं तात्या. तुमी सगळी रानात होता. ह्या जावबायनं त्याच्या तोंडात पेज घातली. तिनं राखलेलं कुकू तिच्याच हातानं कसं जाईल?"

आणि तिने बोटं हळदीत बुडवून ठकूबाईच्या गालाला लावली.

रावजी पहिल्यांदाच उभा राहिला. "लाव गो," तो म्हणाला. "दोन्ही गालांना लाव."

मग हैबतीची बायको पुढे आली. मग शेजारची. मग एकेक करून साऱ्याच. कुणी वाटीत बोट बुडवलं, कुणी पाठीला लावली, कुणी पायाला.

"आरे, पाटाला सवाष्णी चालत नायत!" तात्या हात हलवत म्हणाला.

"तेच म्हनते मी," चंद्राबाई म्हणाली आणि अंगणाच्या मधोमध बसली. बाकीच्याही तिच्याभोवती बसल्या. "आमी हितनं हलत नाय. सांज झाली तरी नाय. आता लावा बघू पाट, कसा लावता तो."

तात्याने भटजींकडे पाहिलं. भटजींनी उपरणं सावरलं. "गोमाजी, मी लग्न सांगितलं होतं," ते म्हणाले. "पाट पोथीत नाही. तो तुमचा रिवाज. आता बोहल्यावर बसायचंच असेल तर आत्ताची वेळ उत्तम आहे. आणि जेवणही खोळंबलं आहे."

येसूबाई कधी आत गेली कुणी पाहिलं नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत काळ्या मण्यांची पोत होती. नदीकाठी तोडली होती, तेव्हा तिने मणी वेचून पदरात बांधले होते. टाकवले नव्हते. कालच तिने ते नव्या दोऱ्यात ओवले होते. "मला क्षमा कर गो," असं काही ती बोलली नाही. नुसती पोत पांडूच्या हातात दिली आणि सुनेच्या कपाळावर आलेले केस मागे सारले.

मुख्तारने ठकूबाईचा हात धरला. बांगडी अंगठ्याच्या सांध्याशी अडली.

"हात थोराड झाला बाय," तो हळूच म्हणाला. "लई राबलीस. पोर होतीस तेव्हा सर्रकन चढायची."

"चढंल," ती म्हणाली. "दाबा तुमी."

बांगडी चढली. दुसरी चढली. हात हलवला की त्या वाजत होत्या आणि तिला तो आवाज स्वतःचा आहे हेच पटत नव्हतं.

फणसाखाली पाट मांडले, लाकडाचे. हैबतीने ढोल गळ्यात अडकवला. अक्षता पडल्या. ऊन पानांमधून ठकूबाईच्या तोंडावर पडत होतं, हळद घामाने गळ्यात उतरत होती. तिने पुसायला हात उचलला.

"पुसू नको," पांडू म्हणाला.

तात्या कुंपणापाशी उभा होता. त्याच्या मुठीत अक्षता होत्या. त्या त्याने शेवटपर्यंत टाकल्या नाहीत. पण तो निघूनही गेला नाही.

*

सकाळी ठकूबाई उठली तेव्हा घरात सगळी झोपलेली होती. पांडू माजघरात, आपल्याच भिंतीशी, तोंड उघडं टाकून घोरत होता. तिने त्याच्या अंगावर घोंगडी सारली. तीच झोळीची घोंगडी.

पाटाच्या बाईने आज दुपारपर्यंत तोंड लपवायचं असतं. ठकूबाईने कपाळाला आडवं ठसठशीत कुंकू लावलं, घागर घेतली आणि विहिरीची जवळची परसातली वाट सोडून वाडीच्या मधल्या वाटेने गेली. सगळ्या घरांपुढून. दारं उघडत होती. कुणी राख टाकत होतं, कुणी तोंड धूत होतं. तिने सगळ्यांकडे बघितलं.

भरली घागर घेऊन ती परत येत होती आणि समोरून तात्या आला. पायात वहाणा, डोक्याला मुंडासं, हातात काठी. कशेडीपलीकडे निघाला होता, नातीच्या होणाऱ्या सासरी. काय झालं ते दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपणच सांगायचं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. चिंताही दिसत होती.

ठकूबाईचे पाय सवयीने कडेला वळायला लागले. तिने ते रोखले. वाटेच्या मधोमध उभी राहिली. घागरीच्या काठावर पाणी हललं. बांगड्या वाजल्या.

तात्या थांबला. त्याने तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग घागरीकडे. त्याची नजर एकदा मागे, आपल्या दाराकडे गेली. तिथे जाऊन बसायचं, पाणी प्यायचं, नव्याने निघायचं. किती वर्षं त्याने तेच केलं होतं.

मग त्याने वहाणा काढल्या, त्या हातात घेतल्या आणि वाटेच्या कडेला सरकला.

"सवाष्ण भरल्या घागरीनं समोर आली," तो म्हणाला. "काम होनार माझं. जा गो बाय, आदी तू जा."

ठकूबाई त्याच्या पुढून गेली. घाई न करता, घागरीतलं थेंबभर पाणी न सांडता.